घरातला खोकला

क्षयाला उर्दूत ‘तपेदिक’ म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात मात्र हा शब्द कोणी सहसा उच्चारत नाही. ‘छाती कमजोर आहे’ एवढंच म्हणायचं आणि विषय बदलायचा.

मी पुण्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी तिसरीतल्या एका मुलीला रोज संध्याकाळी ताप येऊ लागला. दिवाळीआधी वजन केलं, तर जूनपेक्षा दोन किलो कमी भरलं. तपासणी करून घ्या म्हटल्यावर आई हलक्या आवाजात म्हणाली, “टीचर, बडी का रिश्ता आया है. किसी को बोलो नको.”

शेवटी मीच त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. लहान मुलांचा क्षय ओळखणं अवघड असतं. त्यांना बेडका थुंकता येत नाही, ती गिळतात. शिवाय जंतूही कमी असतात. म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातला द्रव काढतात. या मुलीच्या द्रवात काही सापडलं नाही. पण तेवढ्यावरून क्षय नाही असं ठरत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हातावर मांटू चाचणी केली आणि विचारलं, “घरात कोणी खोकतं का?” आईनं मान खाली घातली. आजोबा दोन महिने खोकत होते. त्यांच्या थुंकीत जंतू निघाले.

दोघांवर उपचार सुरू झाले. मुलीला पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या. दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. लघवी नारिंगी झाली तेव्हा आई घाबरली. ताप उतरला तेव्हा गोळ्या बंद करायला निघाली. दोन्ही वेळा समजूत घालावी लागली. शाळेत काही पालक म्हणाले, तिला वेगळी बसवा. लहान मुलांकडून सहसा लागण होत नाही, ती मोठ्यांकडून मुलांना होते, हे मी सांगितलं. मुलगी आपल्याच बाकावर बसली.

आता याहून कमी मुदतीचा उपचारही सिद्ध झाला आहे. ‘शाइन’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय सहभागी होतं. आफ्रिका आणि भारतातल्या १२०४ मुलांचा त्यात समावेश होता. सौम्य क्षयात चार महिन्यांचा उपचार सहा महिन्यांइतकाच गुणकारी ठरतो, हा तिचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. क्षय सौम्य आहे की नाही, हे अर्थात डॉक्टरच ठरवणार.

पण महिने कितीही कमी झाले, तरी सुरुवात घरातल्या माणसांनी तोंड उघडण्यापासूनच होते. चिमुकल्यांमध्ये हा रोग मेंदूपर्यंत पोचू शकतो. रिश्ता दुसरा येतो. ते नुकसान मात्र भरून येईलच असं नाही. म्हणून पालकसभेत मी आता मुलांच्या खोकल्याबरोबर आजी-आजोबांच्या खोकल्याचीही चौकशी करते.