पॅकेट हरवू द्या

नेटवर्कच्या कामात तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते : "नेट स्लो आहे, स्पीड वाढवून द्या." लाइन मोठी घेतली की काम झालं, असं सगळ्यांना वाटतं. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. ज्या शोधानं इंटरनेट कोसळता कोसळता वाचलं, त्यानं यंत्रांना हात आखडता घ्यायला शिकवलं.

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. त्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर आला. ४० बिट म्हणजे पाच इंग्रजी अक्षरं. चांगला टायपिस्ट हातानं तेवढं काम करतो. तार शाबूत होती, यंत्रं चालू होती. पाठवलेल्या पॅकेटची, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्याची, पोच वेळेत आली नाही, की संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवी. त्यानं वाटेतली रांग वाढे, रांगेमुळे पोच आणखी उशिरा येई, की पुन्हा पाठवणं. जॉन नेगल यांनी हा धोका १९८४ मध्येच लिहून ठेवला होता.

प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी विद्यापीठातल्या माइक कॅरल्स यांच्यासोबत यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुरुवात थोड्या पॅकेटांनी करायची, पोच येत जाईल तसं प्रमाण वाढवायचं. एखादं पॅकेट हरवलं, तर पुढं गर्दी आहे असं समजून वेग निम्म्यावर आणायचा आणि मग पुन्हा जपून, थोडा थोडा वाढवायचा. पोच किती वेळात येते याचा अंदाज बांधताना त्यातला चढउतारही मोजायचा, म्हणजे उगाच घाई होत नाही. यासाठी वाटेतलं एकही यंत्र बदलावं लागलं नाही. दोन टोकांच्या संगणकांतला टीसीपी, म्हणजे पॅकेट पाठवण्याचे नियम सांभाळणारा भाग, तेवढा सुधारला. रस्ता किती रुंद आहे हे कुणीही न सांगता लाखो अनोळखी संगणक एकच लाइन वाटून घेतात, याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

पण या सगळ्याची भिस्त पॅकेट वेळेवर हरवण्यावर आहे, आणि तेच पुढं विसरलं गेलं. मेमरी स्वस्त झाली, राउटर-मोडेममध्ये पॅकेट थांबवून ठेवणारे मोठाले बफर आले. पॅकेट गमावू नये हा हेतू चांगलाच होता. पण आता ते हरवत नाही, रांगेत ताटकळतं. पाठवणाऱ्याला इशारा मिळत नाही, तो पाठवतच राहतो. जिम गेटिस यांना २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या लाइनवर हे दिसलं आणि त्यांनी ते जगापुढं मांडलं.

मी हे एका कार्यालयात पाहिलं. संध्याकाळी बॅकअप सुरू झाला की व्हिडिओ कॉल तुटायचे. लाइन दुप्पट घेऊनही तेच. उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारा पिंग लावला तेव्हा एरवी काही मिलिसेकंदांत येणारं उत्तर सेकंदापर्यंत रेंगाळत होतं.

यावरचं औषधही जेकबसन यांचंच, कॅथलीन निकोल्स यांच्यासोबत २०१२ मध्ये आणलेलं : कोडेल. रांग किती लांब आहे हे ते पाहत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं, ते पाहतं. हा वेळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही ५ मिलिसेकंदांखाली आला नाही, की ते पॅकेट टाकायला लागतं. कार्यालयाच्या राउटरवर याच पद्धतीची सोय चालू केली आणि अपलोडला लाइनच्या वेगापेक्षा थोडी कमी मर्यादा घातली. त्यानंतर बॅकअप चालू असतानाही कॉल नीट चालले.

तेव्हा तुमचा कॉल अडखळला, तर आधी एक मोठी फाइल अपलोडला लावा आणि त्याच वेळी पिंग पाहा. वीस मिलिसेकंदांचे तीनशे होत असतील, तर दोष बहुधा रांगेचा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम, म्हणजे रांग आटोक्यात ठेवणारी सोय, आहे का ते शोधा, चालू करून पाहा, आणि मगच महागड्या प्लॅनला पैसे द्या.