चित्रातली बीअर

मी स्वतः बीअर पीत नाही. तरीसुद्धा बीअरच्या जुन्या अमेरिकन जाहिराती पाहत बसायचं मला वेडच लागलं आहे!

१९४५ ते १९५६ या काळात तिथल्या बीअर उत्पादकांच्या संघटनेने मासिकांतून 'अमेरिकेतलं घरगुती जीवन' अशी एक चित्रमालिका छापली. अंगणातलं जेवण, पत्त्यांचा डाव, घरी आलेले पाहुणे असे साधेच प्रसंग. कोणत्याही एका कंपनीची ही जाहिरात नव्हे. बीअर ही घरातलीच वस्तू, एवढंच सांगायचं. यातली बरीच चित्रं डग्लस क्रॉकवेलची. नॉर्मन रॉकवेलशी घोटाळा होऊ नये म्हणून हा गृहस्थ पुष्कळदा 'डग्लस' एवढीच सही करी.

हे सांगावं का लागलं? १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. कायदा गेला, पण दारूचा गुत्ता आणि त्याच्यापायी उद्ध्वस्त झालेला संसार लोकांच्या मनातून गेला नव्हता. चित्रकारांनी ते गुत्त्याचं चित्र पुसून पेला सरळ जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला, घरच्या बाईच्या समोर.

मी अडकतो तो इथेच. आमचे बाबा दिवेलागणीला "जरा जाऊन येतो" म्हणत. कुठे, ते अख्ख्या वाड्याला ठाऊक. तावेर्न चार घरं सोडून तर होतं! परतताना मात्र ते मागच्या दाराने येत, विहिरीवर पाय धूत. आई मान वर न करता वाढायची. कुणीच काही बोलत नसे.

क्रॉकवेलच्या चित्रात कुणी मागच्या दाराने येत नाही. तो उजेड, ते रंग मला आवडतात, पण नजर शेवटी त्या बाईच्या हसऱ्या चेहऱ्यावरच जाते. जाहिरात ती जाहिरातच, हे कळतं. मी पाहिलेल्या चित्रांत माणसं जवळजवळ सगळी गोरी, सगळी सुखवस्तू. आणि पेला नेहमी पहिलाच असतो. चौथ्या पेल्याचं चित्र कोण काढणार?

परवा आईला त्यातलं एक चित्र दाखवलं. चष्मा पुसून तिने बराच वेळ पाहिलं.

"हिला बरं," ती म्हणाली. "वाट बघायला नको."