पानाचा ठसा, फळीवरचा फोटो

मुरबाडहून माळशेजच्या वाटेला लागलं की पावसाळ्यात दरडींच्या कपारींतून नेचे डोकावतात. त्यातला एक वरून साधा हिरवा, पान उलटलं की पांढराशुभ्र. पोरं ते पान मनगटावर पालथं ठेवतात, वरून चापट मारतात आणि अलगद उचलतात. पानाची कातरलेली कड न् कड कातडीवर पांढऱ्या नक्षीत उतरलेली असते. रुपेरी नेच्याची ही पूड पानानेच पाझरवलेली, मेणचट. म्हणून ती चटकन अंगाला धरते. चित्र उतरवण्याचा इतका सोपा धडा दुसरा नसेल.

इथल्या पाड्यांवर भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पंजा उमटतो, सणाला बैलांच्या अंगावर गेरूचे ठसे उठतात. हाताने काढलेल्या चित्रात काढणाऱ्याची नजर असते. ठशात ती वस्तूच येऊन टेकून गेलेली असते. मला ठशाची ओढ आहे ती त्या टेकण्यामुळे.

फोटो लाकडावर उतरवतानाही हेच होतं. शहापूर-मुरबाडकडचं जंगल सागाचं; सुताराकडे फळीचे उरलेसुरले तुकडे मिळतात. पॉलिश पेपरने फळी गुळगुळीत करायची, फेव्हिकॉलचा पातळ हात द्यायचा आणि फोटोची झेरॉक्स त्यावर पालथी चिकटवायची. झेरॉक्सच हवी, कारण तिची काळी पूड उष्णतेने वितळून कागदाला बसलेली असते, पाण्याने विरघळत नाही. घरच्या इंकजेटची शाई बहुधा पाण्यात पसरते. चित्र उलटं उतरतं, म्हणून अक्षरं असतील तर प्रत आधीच आरशातल्यासारखी उलटी काढून घ्यावी. मग रात्रभर वाळू द्यायचं. आषाढात एका रात्रीत भागत नाही, तेव्हा घाई नको.

खरं काम पुढेच. कागद ओला करून बोटाच्या पेराने हलके हलके चोळायचा. गव्हल्यांसारख्या बारीक सुरळ्या सुटू लागतात आणि खालून आधी लुगड्याचा काठ दिसतो, मग कुंकू, मग डोळे. वाळल्यावर पांढरी झाक परत येते. पुन्हा ओलं करा, पुन्हा चोळा, पण बेतानं, ओला फेव्हिकॉल मऊ पडतो. कुठे गालावरून सागाची रेघ जाते, कुठे कोपरा निसटतो. तो मी रंगाने भरत नाही. लाकडाचाही त्या चित्रावर हक्क आहे.

चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात झेरॉक्सच्या तंत्राने पहिली प्रत काढली. तेव्हा अक्षरं उठवायला त्यांनी वापरली लायकोपोडियमची पूड, म्हणजे नेच्यांच्या दूरच्या नात्यातल्या एका वनस्पतीचे बीजाणू. ती अक्षरं मग मेणकागदावर उतरवली. हे वाचलं आणि मला माळशेजच्या कपारीच आठवल्या.

गावाकडच्या कितीतरी घरांत आजी-आजोबांचा एकच फोटो असतो, ट्रंकेत, ओल खाल्लेला. तो काढा, त्याची झेरॉक्स घ्या. मूळ फोटोला मात्र फेव्हिकॉल लावू नका. आणि फळीच्या पाठीमागे माणसांची नावं पेन्सिलीने लिहा, सांगणारं कुणी घरात आहे तोवर.