सोलापूरचा ऊकार

सोलापूरच्या रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाला एकाच गावाचे नाव दोन प्रकारे लिहिलेले आढळते : मराठीत ‘सोलापूर’, हिंदीत ‘सोलापुर’. दोन्ही रूपे आपापल्या भाषेत शुद्धच. संस्कृतातील ‘पुर’ हिंदीने लेखनात तसाच राखला. मराठीने लांबलेल्या उच्चाराला अनुसरून तो दीर्घ केला. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनीही ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घच ठरविला.

स्थानकाबाहेर पडून बाजारपेठेत शिरताच मात्र हा ऊकार ऱ्हस्व होतो. गाव सोलापूर, पण चादर सोलापुरी. आणि ती विकली जाते सोलापुरात. पुढे प्रत्यय आला की स्वराची लांबी ओसरते. दुकानातील नित्याचे शब्दही याच वळणाने जातात : सूत–सुताचा, गूळ–गुळाची, दूध–दुधाचे.

आता बिले, पत्ते, निरोप रोमन लिपीत लिहिले जातात. तेथे ऱ्हस्व-दीर्घ हा भेदच दिसत नाही. मग तीच नावे देवनागरीत उतरविताना नव्या पिढीचा हात अडखळतो आणि दुकानाच्या पाटीवर ‘सोलापूरी चादर’ अवतरते. तराजूत गुंजभराचा फरक खपवून न घेणाऱ्या पेढीने आपल्या गावाच्या नावातील मात्राही तितक्याच काटेकोरपणे तोलावी, हेच उचित.