पुड्यावरचं कॅल्शियम

‘कुत्र्यांच्या खाण्यावर सोपं लिहा,’ असं संपादकांनी कळवलं आहे. प्रयत्न करतो. मध्येच फॉस्फरस आला तर सांभाळून घ्या.

टी. नरसीपूरला कावेरी-कपिलेच्या संगमावर आलेला यात्रेकरू घाटावरच्या कुत्र्यापुढे ग्लुकोज बिस्किटांचा पुडा रिकामा करतो. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘कॅल्शियमयुक्त’ बिस्किटं औषध म्हणून चारणाऱ्यांबद्दल. गेल्या पावसाळ्यात लॅब्राडोरचं चार महिन्यांचं पिल्लू दवाखान्यात आलं. रोजचं खाणं बिनहाडाचं चिकन, थोडा भात आणि वर ही बिस्किटं. पुढचे पाय वाकलेले. मालकांनी पुडा पुढे केला. “डॉक्टर, यावर कॅल्शियम लिहिलंय की!”

लिहिलं होतं, खरं आहे. पण नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट असतो आणि वाढत्या पिलाला कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने, किंबहुना थोडं जास्तच लागतं. ते खाण्यातून मिळालं नाही की गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतात. दोन-चार बिस्किटांनी ही तूट भरत नाही. म्हणून भुकटी ओतावी, तर मोठ्या जातीच्या पिलांची हाडं जादा कॅल्शियमनेही बिघडतात. या पिलाचं खाणं बदललं आहे. पाय किती सरळ होतील, ते आज सांगता येत नाही.

“आमचा कुत्रा रागी मुद्द्यावर वाढलाय,” असं इथले लोक छाती काढून सांगतात. रागी मुद्दा म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा. नाचणीचं कौतुक मलाही आहे, पण हिशोब करू. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३३० कॅलरी. म्हणजे हजार कॅलरींमागे एक ग्रॅम. अमेरिकी मानकाप्रमाणे पिलाला तेवढ्याच कॅलरींमागे तीन ग्रॅम हवं. त्यात नाचणीतलं फायटेट काही कॅल्शियम अडकवून ठेवतं. मोठ्या कुत्र्याचं कदाचित भागेल, पिलाचं नाही.

याचा अर्थ धान्य वाईट असा मात्र नाही. ‘कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य विष’ हे ऐकून माझे कान किटले आहेत. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या एएमवाय२बी या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चार ते तीस. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर जगत हा प्राणी बदलला. हे पचन लाळेत होत नाही, स्वादुपिंडाच्या रसाने होतं. (हे वाक्य संपादक कापतील.) तरी शहरातून ‘ग्रेन-फ्री’ पुडे येतातच. त्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये चौकशी सुरू केली. कार्यकारण सिद्ध झालं नाही, पण त्या पुड्यांवर विसंबावं असंही त्यातून काही निघालं नाही.

कुत्र्यांच्या बिस्किटांचा धंदा १८६०च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकी माणसाने उभारला. तो मूळचा वीजवाहक दांड्यांचा विक्रेता, पशुवैद्य नव्हे. पुड्यावरचे दावे वाचताना हे मला हटकून आठवतं.

बिस्किट जरूर द्या, पण खाऊ म्हणून. खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवा. दहा किलोच्या घरगुती कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे लहान ग्लुकोज बिस्किटं तीन, पुडा नव्हे. आणि आपली ‘शुगर-फ्री’ बिस्किटं त्याला मुळीच घालू नका. त्यात झायलिटॉल असेल, तर कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरात कोसळू शकते.