१२१०, अब्बा आणि नववीतली मुलं

मी उर्दू आणि मराठी शिकवतो आणि मला जुन्या ट्रकांचं वेड आहे. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ म्हटली की स्टाफरूममध्ये हशा पिकतो. शेरोशायरीचं वेड असलेला उर्दूचा मास्तर लोकांना समजतो, ग्रीसचा वास आवडणारा समजत नाही. उन्हाळ्यात नाशिकमध्ये पाण्याचे टँकर फिरतात, त्यात अधूनमधून एखादा जुन्या १२१० च्या चेसिसवर असतो. असा टँकर उभा दिसला की मी स्कूटर बाजूला घेतो आणि ड्रायव्हरला विचारतो, इंजिन अजून ६९२ च आहे का? तो आधी मला आरटीओचा माणूस समजतो. गैरसमज दूर झाला की चहा सांगतो.

हे आकडे ज्यांच्या ओळखीचे नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स. तिने १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. हा करार १९६९ साली संपला. तोवर गाडीच्या जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे, पुढे त्या जागी टाटांचा ‘टी’ आला. १२१० म्हणजे गाडी आणि माल मिळून १२ टन, आणि ताकद १०० अश्वशक्तीच्या आसपास. १६१२ म्हणजे १६ टन आणि साधारण १२०. इंजिनाचंही तसंच. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर, ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर. नाव वाचता आलं की अर्धी गाडी कळते. पाढ्यांच्या आधी मला हे पाठ होतं.

कारण आमच्या घरी एक १२१० होती. अब्बाच मालक, अब्बाच ड्रायव्हर. लासलगाव नाही तर पिंपळगावला कांदा भरायचा, कसारा घाट उतरून मुंबई गाठायची, येताना मिळेल तो माल आणायचा. घाटाबद्दल त्यांचा एकच नियम होता, ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. भरलेली गाडी ब्रेकच्या भरवशावर सोडायची नाही, इंजिनाने धरायची. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना ते ड्रायव्हर मानतच नसत.

नाशिकला ट्रकचं गाव म्हणायला हरकत नाही. मुंबई-आग्रा रस्ता शहराच्या पोटातून जातो, कांदा आणि द्राक्षं याच रस्त्याने निघतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा मालही यावरूनच जातो. त्यामुळे द्वारका, वडाळा नाका ते पार आडगावच्या ट्रक टर्मिनलपर्यंत गॅरेजवाले, लेथवाले, रेडिएटरवाले, कमानीचे पाटे बसवणारे, सीट शिवणारे, रंगारी असा सगळा संसार उभा राहिला. आमच्या गाडीचं इंजिन एका मुस्लिम उस्तादांकडे उघडायचं, क्रँक एका पांचाळकाकांच्या लेथवर जायची आणि बॉडीचं काम एका सरदारजींकडे व्हायचं. बिलावरून भांडणं व्हायची, ईदला शीरखुर्मा आणि दिवाळीला फराळ तरीही जायचा.

दुरुस्तीत माझं काम एकच होतं, बॅटरी धरणं. ज्यांचे वडील गाडीखाली झोपून काम करत त्यांना या कामाचं अवघडपण सांगावं लागणार नाही. अब्बा म्हणायचे, “उजेड माझ्या हातावर नको, नटावर पाड.” मी नटावर पाडला की त्यांचा हात मध्ये यायचा आणि सावली पडायची. हात दुखून बॅटरी हलली की आतून फक्त “हूं” असा आवाज यायचा. पण अशा तासांमध्येच ते माझ्याशी सगळ्यात जास्त बोलले. समोर बसवून कधी काही विचारलं नाही. गाडीखालून मात्र शाळेचं, मित्रांचं, अम्मीच्या तब्येतीचं, सगळं विचारायचे. एकमेकांचा चेहरा दिसत नसला की काही बापांना बोलणं सोपं जातं.

तिथेच मी धूर वाचायला शिकलो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, तेव्हा एअर फिल्टर तुंबलाय का किंवा नोझल थेंब गाळतंय का ते बघायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा झिजल्या. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर टायमिंग चुकलंय नाहीतर हेड गॅस्केटमधून पाणी आत जातंय. उस्ताद आधी धूर बघायचे, मग आवाज ऐकायचे, मग रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का पाहायचे. पाना सगळ्यात शेवटी हातात घ्यायचे. घाईने इंजिन उघडणाऱ्या शागीर्दाला ते म्हणायचे, “खोलना सबको आता है.”

गाडीने एअर घेतली की काय करतात तेही तिथेच पाहिलं. डिझेल पार संपलं किंवा फिल्टर बदलला की लाइनीत हवा शिरते. पंप ती हवाच दाबत बसतो, नोझल उघडत नाही, कितीही सेल्फ मारा, गाडी चालू होत नाही. अशा वेळी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची स्वच्छ धार लागते. धार लागली की स्क्रू आवळायचा. वर्गात एखादा मुलगा महिनाभर गप्प असला की मला हे आठवतं. त्याच्यावर एकदम मोठा प्रश्न टाकला तर काहीच येत नाही. रोज छोटं काहीतरी विचारत राहावं लागतं, आधी नुसता फेस येतो.

ट्रकवर काय काय लिहिलेलं असतं ते कधी नीट पाहिलंय? मागे “माँ की दुआ”. समोर काचेच्या वर मुलांची नावं, बहुधा धाकट्याचं सगळ्यात मोठ्या अक्षरात. बापाचं नाव दरवाज्याजवळ बारीक अक्षरात, कारण मालकाचं नाव-पत्ता लिहिणं नियमाने बंधनकारक असतं. आमच्याही गाडीवर असंच होतं.

अब्बांनी गाडी काढली ती क्रँकमुळे. क्रँक झिजली की ती घासून पुन्हा गोल करतात आणि तेवढं जाड बेअरिंग बसवतात. पहिल्यांदा दहा साइज, मग वीस, मग तीस. प्रत्येक वेळी क्रँक थोडी बारीक होते. एक दिवस पांचाळकाका म्हणाले, आता यात घासायला काही उरलं नाही. नवीन क्रँक टाकायची तर खर्च गाडीच्या किमतीवर जात होता. अब्बांनी टायरवर हात ठेवला आणि म्हणाले, “इसने अपना हक अदा कर दिया.” अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात गॅस कटरने चेसिस कापली गेली, तेव्हा ते आले नाहीत, मी गेलो होतो. एक जुनं नोझल तेवढं घेऊन आलो. ते शाळेत माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतं. मुलं विचारतात, सर हे काय? मी सांगतो, डिझेलची फवारणी करणारा भाग आहे, आणि तो आपल्या सातपूरच्या मायकोत बनायचा. मायको सर्कल हे नाव कुठून आलं, ते त्यांना त्या दिवशी कळतं.

मी जुन्या ट्रकांचा चाहता आहे, त्यांचा वकील नाही. तो काळा धूर उस्तादांच्या छातीत गेलेला मी पाहिलाय. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ च्या गाड्या आल्या, २०२१ साली जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरण आलं, हे कधीतरी व्हायलाच हवं होतं. माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकतो.

आपल्या मोहल्ल्यांमध्ये एक धमकी फार जुनी आहे, “पढेगा नहीं तो गॅरेज में डाल दूंगा.” पालकसभेत बाप माझ्यासमोर मुलाला ही धमकी देतो, आणि कधी कधी तो बाप स्वतःच गॅरेजवाला असतो. आपण आयुष्यभर जे काम केलं, ज्यावर घर चाललं, बहिणींची लग्नं झाली, तेच काम तो मुलाला शिक्षा म्हणून दाखवत असतो. कुरआनात हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या मापात बसवण्याचा उल्लेख आहे. प्रेषित मुहंमद (स.) स्वतःची चप्पल स्वतः सांधत, कपडे शिवत, घरकामात हात लावत, असं हजरत आयेशा (र.) यांनी सांगितल्याचं हदीसमध्ये आहे. हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि बाहेर येऊन काळ्या हाताच्या माणसाला हलका समजतो.

पण याची दुसरी बाजू माझ्यासारख्या शिक्षकाला जास्त छळते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांचं प्रमाण जास्त असलेल्या धंद्यांमध्ये वाहनदुरुस्तीही होती. यात अभिमान वाटण्यासारखं आहे, तशी काळजीही आहे, कारण त्यातली बरीच मुलं शाळा सोडून तिथे पोहोचतात. शिक्षण हक्क कायद्याचा आधार आठवीपर्यंत. नगरपालिका-महापालिकांच्या कित्येक शाळाही सातवी-आठवीलाच संपतात. नववीची दिवाळीची सुट्टी संपली की बाकावर एक-दोन जागा रिकाम्या दिसतात. चौकशी केली की कळतं, “काम पे लग गया.”

मागच्या वर्षी असाच एक मुलगा यायचा बंद झाला. मी घरी गेलो. त्याचे वडील हमाली करतात. मोठ्या आदराने त्यांनी खुर्ची दिली, आणि मी बोलायला लागायच्या आधीच म्हणाले, “सर, आप खुद गाडियों के शौकीन हैं. फिर मेरे बच्चे का गॅरेज जाना बुरा क्यों?”

प्रश्न खरा होता. मी म्हटलं, बुरा नाही. आणि मग “शिक्षण महत्त्वाचं आहे” असं काही न सांगता गाडीबद्दलच बोललो. अब्बांच्या गाडीचा दोष धुरावरून कळायचा. आजच्या गाडीत कॉमन रेल आहे, सेन्सर आहेत, सायलेन्सरजवळ युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आहे. धूर दिसतच नाही, मग वाचणार काय? स्कॅनर लावावा लागतो, तो एक कोड दाखवतो, आणि त्या कोडचा अर्थ इंग्रजीत असतो. मॅन्युअलही इंग्रजीत. ज्या पोराला ते वाचता येत नाही तो पन्नाशीतही पाना देणाराच राहील, आणि वाचणारा दुसराच कुणी त्याच्यावर साहेब होईल. दहावी झाली तर सातपूरला सरकारी आयटीआय आहे. मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा कोर्स, मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा. मग खुशाल गॅरेजमध्ये जाऊ दे. उलट मीच त्याला उस्तादांकडे घेऊन जाईन.

वडील म्हणाले, दीड वर्ष घर कोण चालवणार? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी उस्तादांच्या मुलाने वाट काढली, आता गॅरेज तोच बघतो. तो म्हणाला, सर, मलाही स्कॅनरवरचं इंग्रजी नीट कळत नाही. पोराला शाळेत जाऊ द्या. रविवारी दोन तास येऊन बसू दे, पान्याला हात लावायचा नाही, फक्त कोड वाचून डिक्शनरीतून अर्थ वहीत लिहायचा. त्याचे पैसे देईन. पैसे थोडेच आहेत. पण घरात “गॅरेजमधून” आलेले पैसे वाचण्याचे आहेत, ही गोष्ट बापाला बरीच दिवस गंमतीची वाटत होती.

माझी स्वतःची मुलगी आठवीत आहे. तिला गॅरेजची धमकी कुणी देत नाही, तिच्या वाट्याला दुसऱ्या धमक्या आहेत. मागच्या महिन्यात मिक्सर बंद पडला तेव्हा तो उघडताना ती मोबाइलचा टॉर्च धरून उभी होती. उजेड बरोबर कार्बन ब्रशवर होता. झिजलेला ब्रश तिनेच ओळखला, आणि दुकानातून नवा आणून बसवलाही तिनेच. मी खाली बसून होतो. तेवढ्यात तिने वर्गातल्या एका मैत्रिणीशी बोलणं तुटल्याचं सांगितलं, जे जेवताना तीनदा विचारूनही तिने सांगितलं नव्हतं. मी वर पाहिलं नाही. “हूं” म्हटलं आणि स्क्रू आवळत राहिलो.

तो मुलगा आता दहावीत आहे. गणित कच्चं आहे, इंग्रजी कामचलाऊ आहे, पण “प्रेशर”, “सेन्सर”, “टेम्परेचर” यांची स्पेलिंगं वर्गात त्याच्याइतकी कुणाला येत नाहीत. निकाल लागेपर्यंत मी काही म्हणणार नाही. परवा त्याचे वडील बाजारात भेटले, डोक्यावर पोतं होतं. थांबले आणि एवढंच विचारलं, “सर, आयटीआयच्या फॉर्मला जातीचा दाखला लागतो का? लागत असेल तर आत्ताच काढायला टाकतो, वेळ लागतो त्याला.”