यवतेश्वरचा चढ

सांगलीहून निघताना अम्मींनी विचारलं, "मुलीनं डोंगरावर कशाला धावायचं?" वर्गात मुलींना 'खेळा' म्हणणारा मी घरात मात्र गप्प राहिलो. उत्तर लेकीनंच दिलं, "दादी, पैगंबरांनी (सल्ल.) हजरत आयेशांबरोबर (रजि.) शर्यत लावली होती ना?"

कराडमार्गे साताऱ्याला मुक्कामी आलो. फजरची नमाज अदा करून मैदानावर गेलो. 2012 साली सुरू झालेल्या सातारा हिल मॅरेथॉनची वाट यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला लागते. अंतर 21 किलोमीटर; आधी चढ, मग उतार. 2015 साली एकाच डोंगरावर सर्वाधिक धावपटू धावल्याची गिनीज बुकात इथलीच नोंद झाली. याच जिल्ह्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. माण तालुका दुष्काळी, पण पोरगी थांबली नाही.

स्कार्फ नीट बांधून लेक गर्दीत मिसळली. घाटाकडे डोळे लावून मी दुआ करत राहिलो. ती परतली तेव्हा चेहरा लाल, कपडे घामाने चिंब, पण पावलं धावतीच.

अम्मींना फोन लावला. "पडली नाही ना?" त्यांनी आधी विचारलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मलाही ने. बघेन तरी."